तीन बल्ब आणि एक स्विच

आरटीओच्या तपासणीला दोन तास उरले होते आणि तिच्या जुन्या व्हॅनचा रिव्हर्सचा दिवा काही केल्या लागेना. नापास झाली की व्हॅन भंगारात, हे दिराने परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

"वहिनी, तीन बल्ब बदलले. आता सोडा या म्हातारीचा नाद."

"बल्ब कशाला बदलताय? आजार रेड्याला, औषध पखालीला!"

पुठ्ठा अंथरून ती गाडीखाली सरकली. रिव्हर्स टाकला की दिवा लावणाऱ्या गिअरबॉक्सवरच्या स्विचच्या दोन्ही वायरी सोडवून तिने थेट एकमेकींना जोडल्या.

"चावी फिरवा. लागला?"

दिराने चावी फिरवली आणि मागे जाऊन वाकून बघितलं.

"भाऊजी, दातखीळ बसली का?"

"लागलाय," तो पुटपुटला.

"म्हणजे स्विच गेलाय, गाडी नाही! नवा घेऊन या. आणि सांगून ठेवते, तपासणीच्या फाटकातून मी रिव्हर्समध्येच आत शिरणार."