पाठ फिरवलेलं निशाण

एक ऑगस्ट, सकाळचे दहा चाळीस. ओहायो नदीकाठच्या मैदानात मला काचेच्या पेटीत घालून चार स्क्रू आवळले. तोंड मंचाकडे, पाठ नदीकडे. खालची ओळ आत दुमडलेली.

मित्रांनो, मी एक जुनं कापडी निशाण आहे. स्वतः गुलामीतून सुटून आलेल्या आणि गुलामगिरी मोडायला निघालेल्या इथल्या चर्चमधल्या बायकांनी मला शिवलं, तेही जवसाच्या धाग्याच्या कापडातून. गुलामांनी वेचलेल्या कापसाचा एक दोराही त्यांना नको होता. माझ्यावर दोन ओळी आहेत. वर, 'आम्ही सुटलो.' खाली, 'पलीकडचे बाकी आहेत.' पलीकडच्या काठावर तेव्हा गुलाम राबत. म्हणून एक ऑगस्टला, ब्रिटिश वसाहतींतले गुलाम सुटले त्या मुक्तिदिनाच्या मिरवणुकीत माझं तोंड नदीकडेच. अलीकडच्यांनी माझी पाठ पाहायची, ही रीत.

गुलामगिरी कायद्याने संपली, तरी बायकांनी खालची ओळ उसवली नाही. पलीकडे तुरुंगात, फुकटच्या राबणुकीत अडकलेल्यांची नावं त्या दरवर्षी काठावर वाचत राहिल्या. पाऊस, ऊन, ठिगळं, मी सगळं सोसलं. त्याची लाज कधी वाटली नाही. आज वाटली.

मला शिवणारीची पणती लुएला टिबेट, वय एक्याऐंशी, पेटीसमोर उभी राहिली. तिचा भाचा एमोस पलीकडच्या तुरुंगाच्या शेतात बिनमजुरीने राबतो. आज त्याचं नाव वाचायचं होतं.

"मावशी, सणाचा दिवस आहे," उत्सव समितीचे अध्यक्ष प्रेन्टिस म्हणाले. "ती ओळ जरा कडू वाटते. शिवाय कापड वाऱ्याने फाटेल."

"फाटू दे. ठिगळ लावीन. आधी तुझ्या जिभेला लावू का?"

"पाहुण्यांना दिसायला नको?"

"पाहुण्यांसाठी शिवलंय होय रे? माझा एमोस तिकडे फुकट नांगरतोय!"

"मिरवणुकीनंतर बघू," म्हणून ते तळलेले मासे खायला गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शिकवतात. जरूर जपा. पण अर्धं तोंड दाबून जपू नका. माझ्या पेटीवर पितळी पाटी आहे, 'स्वातंत्र्याचा वारसा'. ती वाचून मला संताप येतो. जो वारसा बोलू देत नाहीत, तो जपलेला नसतो, कोंडलेला असतो.

मिरवणूक चारला निघेल. आत्ता तीन पन्नास झालेत. लुएलामावशीने शिवणाच्या कात्रीच्या टोकाने तीन स्क्रू काढलेत. चौथा हलत नाही. प्रेन्टिस हात पुसत मैदान ओलांडून येत आहेत.