नसलेल्या पट्टीचा आवाज

"बाबा, सगळं गाव पुलावरून जातं, मग तुम्हीच मला लांबच्या रस्त्यानं शाळेत का सोडता?"

विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, आणि भिंगरी कुठली मागे हटायला! घरीदारी तिला भिंगरीच म्हणत. पाय म्हणून एका जागी ठरायचा नाही. जेवताना घास तोंडात असतानाच तिनं विचारून टाकलं. बाबा हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

त्यांचं काम तिला तोंडपाठ होतं. तपासनीस पुलाच्या लोखंडी सांध्याला यंत्र लावून आत कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो. आत तडा असला की आवाज त्यावर आदळून परत येतो. पण कडा-कोपरेही आवाज परत धाडतात. म्हणून बाबा आधी कॉम्प्युटरवर तोच सांधा हजारो बारीक तुकड्यांत मांडत, त्यातून आवाज सोडून बघत आणि तपासनिसाला सांगत, इथून येईल तो कडेचा, त्याला घाबरू नकोस.

बाबा सांगू लागले. पुलाच्या मधल्या सांध्यामागे त्यांनी कॉम्प्युटरवर नकाशाबरहुकूम एक आधारपट्टी, म्हणजे मागून टेकू देणारी लोखंडी पट्टी, मांडली. तिच्या कडेचा आवाज कॉम्प्युटरवर जिथे आला, तिथेच पुलावरही आला. जुळलं, पूल पास. मग एकदा बाबा सहज पुलाखाली डोकावले, तर पट्टी नव्हतीच. कुणी बसवलीच नव्हती.

"मग आवाज परत कोण पाठवतंय?" भिंगरीनं विचारलं.

"तेच तर," बाबा म्हणाले.

पूल पुन्हा तपासा म्हणून त्यांनी ऑफिसातल्या साहेबांचे उंबरे झिजवले. साहेब म्हणाले, घाबरू नका म्हणणारे तुम्हीच आणि आता घाबरवणारेही तुम्हीच? वरच्यांना लिहिलं, तर तो कागदही फिरून साहेबांच्याच टेबलावर. पालथ्या घड्यावर पाणी. आईचं एकच म्हणणं, नोकरी जाईल आणि पूल आहे तिथेच राहील. निदान आपली पोर तरी लांबून जातेय.

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं मैत्रिणींना सगळं सांगितलं. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. बापलेक दोघंही भागूबाई, असं म्हणत त्या गळ्यात गळे घालून पुलाकडे वळल्या. एकीनं मागे वळून हात केला.

संध्याकाळी भिंगरीनं ताट पुढे सरकवलं.

"उद्यापासून मला सोडायला येऊ नका," ती आईबाबांना म्हणाली. "मैत्रिणी काही थांबत नाहीत, आणि मला एकटीला वाचायचं नाही. मी त्यांच्याबरोबर पुलावरून जाणार."