तळं सुधारलं त्या वर्षी

मित्रांनो, मी तळ्याकाठचा एक जुना हातपंप आहे. लाल रंग फासलेला, दांडा काढून नेलेला, तो मीच. माझ्याजवळ जाऊ नका म्हणून तुमच्या आया तुम्हाला दटावतात, ते बरोबरच आहे. पण मी पहिल्यापासून असा नव्हतो.

मला बसवलं तेव्हा पहिल्या धारेची चूळ भरून एक म्हातारी म्हणाली होती, "गोड आहे गं." पुढे तीस वर्षं मी कुरकुरलो, पण आटलो नाही. बायका माझ्यापाशी सासवांची उणीदुणी काढत बसायच्या आणि कळशी भरून वाहायची.

मग तळं सुधारायचं ठरलं. ते खरंच मरायला टेकलं होतं. काठावरचा रंगाचा कारखाना कधीच बंद पडला, पण त्याची घाण तळाशी बसली होती. यंत्रांनी गाळ उपसला. तो टाकायचा कुठे? माझ्याभोवती खड्डा होता, बायका घसरायच्या. ठेकेदारानं भल्या मनानं तिथेच भर घातली. बायकांनी त्याला चहा पाजला.

फक्त दवाखान्यातल्या नर्सताईंनी तळ्याचं काम बघणाऱ्या साहेबांना गाठलं. "गाळ तपासलात?"

"तळ्याचं पाणी तपासलंय, ताई. मासे जगतील, पक्षी येतील."

"आणि हा पंप?"

साहेबांनी नकाशा उलगडला. "पंप आमच्या आराखड्यात नाही."

"माणसं तरी आहेत का?"

साहेब हसले. "सुया टोचायची सवय दवाखान्यातच ठेवा की."

पावसाळ्यात त्या गाळातलं विष झिरपत माझ्यापर्यंत उतरलं. मला कळलं. पण दांडा दाबला की पाणी द्यायचं, एवढंच मला येतं.

शिंप्याची सून माझ्या पाण्यात बाळाचं दूध कालवायची. भारी जपणारी. पाणी उकळायची, निववायची, पुन्हा उकळायची. बाळ सुकत चाललं तशी तिसऱ्यांदा उकळू लागली. शेजारीण म्हणायची, "अगं, पाण्याचा काढा करतेस की काय?"

आठव्या महिन्यात बाळ गेलं. त्यानंतर कुठे माझं पाणी तपासलं गेलं.

हे पाणी कुणी पिऊ नये म्हणून मला लाल रंग लावत होते, तेव्हा ती कळशी घेऊन आली. नर्सताईंनी तिला बाजूला घेतलं. "हे विष उकळून जात नाही गं. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं."

"म्हणजे मी जितकं उकळलं, तितकं..."

नर्सताईंनी तिचा हात घट्ट धरला.

तळं आता देखणं झालंय. काठावरच्या पाटीवर झाडं किती, पक्षी किती, सगळं लिहिलंय. मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही तळी, ओढे, रानं सुधारा. जरूर सुधारा. पण गाळाचं पहिलं घमेलं उचलण्याआधी काठावरच्या घरांत जा. पाणी कुठून भरता, कोण आजारी आहे, घरात तान्हं आहे का, ते विचारा. नर्सताईंना बैठकीत खुर्ची द्या.

आणि शिंप्याची सून कधी भेटली, तर तिला एवढं सांगा की चूक तिची नव्हती. मला ते सांगता येत नाही.