डावं वर

रविवारी दुपारी माणसाने आडवं व्हावं, असं माझं साधं मत आहे. पण गेले चार महिने दर रविवारी दुपारी मी खुर्चीत ताठ बसून, कुठेच नसलेल्या बेटावरच्या कुठेच नसलेल्या माणसांचे कपडे तयार करत होतो. सोमवार ते शनिवार मी नळ काढतो. म्हणजे एका कंपनीच्या कॅटलॉगसाठी नळ, शॉवर आणि बेसिनं कॉम्प्युटरवर उभी करतो, हात लावावासा वाटेल इतकी खरी. सहा दिवस नळ बघून डोळ्यांना पाणी येतं आणि सातव्या दिवशी किमोनो.

हे दुखणं मी स्वतःच ओढवून घेतलं होतं. तलवारी, राक्षस आणि उडते सरडे असलेला एक जुना व्हिडिओ गेम मी खेळायचो. अशा खेळात हौशी लोक आपली भर घालतात, तिला मॉड म्हणतात. नवी गावं, नवी माणसं, नव्या गोष्टी, सगळं फुकट आणि सगळं स्वतःच्या झोपेच्या जिवावर. आमचा नऊ जणांचा गट एक बेट तयार करत होता. तिथली माणसं जुन्या जपानी धाटणीचे कपडे घालणार असं ठरलं, आणि कपडे कोण करणार असं विचारल्यावर मी हात वर केला. नळांचा वीट आला होता, दुसरं काही कारण नव्हतं. पाच पुरुषांचे आणि सहा बायकांचे, असे अकरा झगे माझ्या गळ्यात पडले.

पहिला झगा केला तो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा दिसत होता. बाई चालली की झगा तिच्या मागून, दुसरंच काही काम असल्यासारखा चालायचा. तीन रविवार मी त्याच्याशी झटापट केली. चौथ्या रविवारी ताई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे कापड कुणी बेतलंय?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. तिने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही, त्यामुळे दोन खोल्यांत आमचं बरं चाललंय. खालच्या गाळ्यात तिचं शिवणाचं दुकान होतं. लेडीज टेलर, चाळीस वर्षं. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. मग तिचा उजवा हात थरथरायला लागला. "आयुष्यभर मी कापड कापलं, आता हात स्वतःच कापतो," असं ती हसत सांगायची. हसणं टिकलं ते एका कोटापर्यंत.

तो कोट ऑफिसात जाणाऱ्या एका बाईंचा होता. ताईने कापड उलटवून न घेताच दुसरी बाही कापली आणि कोटाला दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. शिकाऊ पोरीसुद्धा असली चूक आठवडाभरच करतात. त्या बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ताईच्या हाताकडे बघून म्हणाल्या, "होतं असं या वयात." ताईने नवीन कापड आणून कोट दुसऱ्या टेलरकडून शिवून दिला, मशीनवर खोळ घातली आणि दुकानाची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात टाकली. पुन्हा एक चूक झाली तर खडूला हात लावणार नाही, असं मला म्हणाली. खरं तर त्यानंतर तिने लावलाच नव्हता. आठ महिने ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लोकांच्या कपड्यांना नावं ठेवत होती.

म्हणून तिने बेतण्याचा विषय काढल्यावर मी खुर्चीतून उठलो आणि तिला बसवलं. किमोनोचे फोटो दाखवले. पट्ट्या सगळ्या सरळ. मुंढ्याला गोलाई नाही, टक्स नाहीत, कळ्या नाहीत. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की ही शिलाई नाहीच, ही घडी आहे, अंगावर घातलेली घडी. मग तिने जुनी वर्तमानपत्रं मागितली.

पुढचे रविवार असे गेले. ताई जमिनीवर वर्तमानपत्रं जोडून झगा बेतायची, थरथरत्या हाताने खडूच्या रेघा मारायची, तो कागदी झगा माझ्या अंगावर चढवून मला खोलीत चालायला लावायची. कापड कुठे ताणलं जातंय, कुठे मोकळं राहतंय ते सांगायची. मी ते कॉम्प्युटरमध्ये घालायचो. झगे बायकांसोबत चालायला लागले. खेळातल्या प्रत्येक बाईचा धंदा ताईने मला विचारून घेतला. नावाड्याची बायको, मिठागरातली मजूर, मासे विकणारी. "मासेवाली टोपली कुठल्या खांद्यावर घेते?" तिने विचारलं होतं. उजव्या, मी म्हणालो. तिने उजव्या खांद्यावर ठिगळ लावायला सांगितलं, कारण टोपली तिथेच घासणार. गटातल्या कुणाला हे सुचलं नसतं. मला तर नाहीच.

मॉडच्या शेवटी काम करणाऱ्यांची यादी येते. तिथे तुझं नाव घालतो असं मी म्हणालो तर ती नको म्हणाली. हात कापणाऱ्या बाईचं नाव कशाला, लोक हसतील. मीही जोर केला नाही. मी इतका दमलेला असायचो की कुणी नाही म्हटलं की बरं वाटायचं, तेवढंच एक काम कमी.

अकराही झगे पाठवले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तपासनीस बाईंचा निरोप आला. आमच्या गटात एक बाई फक्त चुका शोधायच्या. जपानी पोशाखाचा त्यांचा अभ्यास होता आणि त्या फार गोड बोलायच्या, म्हणजे त्यांचा निरोप वाचताना शेवटी काय वाढून ठेवलंय याची धास्ती असायची. झगे अप्रतिम आहेत, कापड जिवंत आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मग खाली: किमोनोत घालणाऱ्याची डावी बाजू नेहमी वर येते, पुरुष असो की बाई. उजवी बाजू वर फक्त मृताच्या अंगावर असते. तुमचे पाचही पुरुष बरोबर आहेत, पण सहाही बायकांचे झगे प्रेतासारखे घातले आहेत. यात काही कथानक आहे का?

कथानक कसलं डोंबलाचं. चहा घेताघेता मी माझ्या शर्टाकडे बघितलं. डावी बाजू वर. मग खुंटीवर ताईचा स्वेटर होता, तिनेच शिवलेल्या बटणपट्टीचा. उजवी बाजू वर. जेंट्सला डावं वर, लेडीजला उजवं वर, हे टेलरच्या हातात मुरलेलं असतं. फोटोत काय आहे ते डोळे बघत होते, पण चाळीस वर्षं लेडीज टेलर असलेला हात आपल्या वाटेने गेला. आणि मी तो कागदी झगा अंगात घालून खोलीभर हिंडलो होतो, मलाही कळलं नव्हतं. ही चूक दुसऱ्या कुणाला जमलीच नसती.

ताई तेव्हा आतल्या खोलीत उरलेल्या कागदांच्या घड्या घालत होती. बारावा झगाही आपण करूया का, असं सकाळीच तिने विचारलं होतं. मला कोटाच्या दोन डाव्या बाह्या आठवल्या. हे तिला कळलं की खडू गेला, खिडकी आली. मी निरोप पुसून टाकला.

दुरुस्ती सोपी होती. आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की वस्तू आरशातल्यासारखी उलटते. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. सहा झगे, सहा वेळा बटण. दिवसभर एका बेसिनच्या चकाकीवरून साहेबांची बोलणी खाऊन आलो होतो, नीट बघायचं त्राण नव्हतं. उलटवले आणि पाठवून दिले. तपासनीस बाईंनी लगेच आभार मानले. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. कुणालाही न दुखवता एक काम झालं, असं माझ्या आयुष्यात फारदा होत नाही.

रविवारी ताईने मासेवाली दाखव म्हणून सांगितलं. बारावा झगा मासेवालीच्या मुलीचा करायचं ताईच्या मनात होतं. मी खेळ सुरू केला. मासेवाली धक्क्यावरून चालत आली, झगा पायाशी छान हलत होता. ताई पुढे वाकली.

"टोपली उजव्या खांद्यावर," ती म्हणाली, "आणि ठिगळ डाव्या?"

झगा उलटवला होता, तर ठिगळही उलटलं होतं. टोपली झग्याचा भाग नव्हती, ती होती तिथेच राहिली. मी म्हणालो की कॅमेरा पलीकडून आहे, म्हणून तसं दिसतंय. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती बोटाने हवेत बाईचा खांदा मोजत होती, मग छाती, मग कडेची पट्टी. दुसरी बाई दाखव म्हणाली. दाखवली. तिसरी दाखव म्हणाली.

"सगळ्या उलटवल्यास," ती म्हणाली. "का?"

खोटं बोलायलाही ताकद लागते. मी सगळं सांगितलं, तपासनीस बाईंचा निरोप, डावं, उजवं आणि प्रेतं. सांगताना मी पडद्याकडे बघत होतो, कारण तिच्या हाताकडे बघायची हिंमत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "सहाही?" खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. मासेवाली धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन वळून परत आली, तिला तेवढंच येतं.

मी समजूत घालायला लागलो. कुणालाही झालं असतं, फोटोच तसे होते, आणि आता दुरुस्त झालंच आहे तर कशाला मनाला लावून घेतेस.

"त्या कोटवाल्या बाई म्हणाल्या, होतं असं या वयात," ताई म्हणाली. "त्या तोंडावर म्हणाल्या. तू माझ्या पाठीमागे म्हणालास."

मी तसं म्हणालो नव्हतो, हे सांगणंही खोटं झालं असतं. मी तसंच म्हणालो होतो.

"चाळीस वर्षं माझी चूक मी उसवली," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "एकच दुसऱ्याकडे दिली, त्या कोटाची. तेव्हापासून मी खिडकीत बसले. आणि आता तूही माझी चूक काढून घेतलीस. मला दाखवली असतीस तर मी रडले असते, चिडले असते, पण माझ्या हातात काम राहिलं असतं."

मला फार लाज वाटली. तिला जपायचं म्हणून मी तिच्यावर खोळ घालून ठेवली होती, शिलाई मशीनवर घालतात तशी. त्यातही खरं सांगायचं तर अर्धं तिच्यासाठी होतं आणि अर्धं माझ्यासाठी. तिची समजूत काढण्यापेक्षा बटण दाबणं कमी श्रमाचं होतं.

ती उठली, आतून कागदी झग्यांचं गाठोडं आणलं आणि बायकांचे सहा वेगळे काढून जमिनीवर पसरले. बटणाने केलेलं सगळं पहिल्यासारखं कर म्हणाली. मी म्हणालो, ताई, फक्त ठिगळ हलवलं तरी भागेल, पाच मिनिटांचं काम आहे. तिने कात्री उचलली. टाचण्या काढून, चिकटपट्टी सोलून ती पुढच्या पट्ट्या सुट्या करत राहिली. एक पट्टी मधोमध फाटली. ती थांबली, फाटलेली बाजूला ठेवली आणि नवीन कागद घेतला. टाचणी तीनदा निसटली. मदत करू का, हे शब्द मी गिळले.

पहिला झगा जुळल्यावर तिने तो मला घालायला लावला. कडेची पट्टी धरून उभी राहिली.

"कुठलं वर?"

"डावं."

"कुणाचं डावं? माझं की तुझं?"

"ज्याने घातलाय त्याचं."

तिने खडूने माझ्या छातीवरच्या कागदावर मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं, डावं वर. पुढचा झगा घेतला. माझी पाठ भरून आली होती, उद्या पुन्हा नळ होते, आणि अजून पाच बायका जमिनीवर मेलेल्या पडल्या होत्या. मी खुर्चीत बसून बटणाने उलटवलेले सहाही झगे एकेक करून मागे घेतले.

"त्या तपासनीस बाईंना लिही," ताई खडू झाडत म्हणाली. "आधी आलेली दुरुस्ती धरू नका म्हणावं. चूक तुझी नव्हती, बेतणाऱ्या बाईची होती, आणि दुरुस्तीही तीच करतेय. दोन रविवार लागतील."

मी लिहिलं. मग विचारलं, बेतणारी बाई म्हणून काय लिहू, मास्तरीणबाई?

"नाव लिही," ती म्हणाली. "चूक आहे, नाव नको?"

मी तिचं पूर्ण नाव टाइप केलं, आमच्या वडिलांच्या नावासकट. तिने ते पडद्यावर एकदा वाचलं, त्यातली एक वेलांटी मला सुधारायला लावली, आणि पुन्हा जमिनीवर बसली.