खळ्याचा ठसा

काजळी आणि जवसाचं तेल. शहापूरच्या बाजारात वाण्याची ओली पाटी, तिच्यावर चिकटलेली माशी. लढाईमुळे मिळेनासा झालेला कागद. आसनगावला गाडीतून उतरलेले चष्मेवाले पाहुणे. खळ्याच्या कडेला खराटा घेऊन बसलेली धोंडीबाई.

आणि तिच्यावर ओरडणारा तिचा मुलगा लडकू.

"आये, काय केलंस गो ह्ये?"

लडकू दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पोट त्यावर चालायचं. उरलेल्या वेळात फळ्या कोरायच्या, त्यांना काळं लावायचं, कागदावर ठसे उमटवायचे. देवळं, बैलगाड्या, पाणवठ्यावरच्या बाया. लोक वाहवा करत. मग एकाएकी त्याचं कोरण्यावरून मनच उडालं. पावसानं, वाळवीनं, बैलांनी आधीच इतकं कोरून ठेवलंय, आपण आणखी काय कोरायचं? त्याने गाडीच्या चाकाचा ठसा घेतला. मोडक्या दाराचा घेतला. यंदा त्याची नजर खळ्यावर गेली.

मळणी झाली होती, भात घरात आलं होतं. बैलांच्या खुरांनी उमटलेली वर्तुळं वाळून दगडासारखी झाली होती. लडकूने त्यांवर काळं फिरवलं, ताव चिकटवून केलेला मोठा पातळ कागद अंथरला, वर गोणपाट टाकला आणि दाबायला यंत्र नव्हतं म्हणून बैलच फिरवले.

"बैल कागुद खातील रं," शेजारचा धाऊ कुंपणावरून म्हणाला.

"बैल नाय खायाचे. तू लांब ऱ्हा म्हंजे झालं."

गोणपाट काढला. काळं मुरावं म्हणून कागद रात्रभर तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून कमळाकरपंत यायचे होते, प्रदर्शनासाठी एक चित्र निवडायला. पाट्यांपलीकडे लडकूचं नाव जायचं तर याच कागदावरून जाणार होतं. दुसरा कागद नव्हता.

पहाटे धोंडीबाई उठली. रिकामं खळं सारवल्याशिवाय ठेवायचं नाही, हा तिच्या सासूपासूनचा शिरस्ता. तिने शेणकाला ओतला आणि खराटा फिरवला. निम्मं खळं सारवलं, निम्मा कागदही.

पंत आले तेव्हा कागद उचलून भिंतीला लावला होता. लडकूने देवळांचे ठसे पुढे केले नाहीत. म्हणाला, "हाच बघा. इस्कटलाय, पन हाच बघा."

पंत चष्मा सावरून कागदाशी वाकले. खुरांची काळी वर्तुळं फिरत फिरत मधोमध, मेढीचा खांब रोवायच्या खड्ड्याच्या पांढऱ्या ठिपक्याशी येत होती. शेणकाला पातळ कागदातून पार उतरला होता, त्याचे हिरवट फराटे वर्तुळांना आडवे छेदत मध्येच थांबले होते.

"काळं गोल गोल फिरतंय," पंत म्हणाले, "त्याला त्याच्या फेऱ्यातून सुटका नाही. हिरवं बाहेरून येतं आणि अर्ध्यावर थांबतं. हे थांबणं फार धीराचं आहे, लडकू. दुसऱ्या कुणी कागद भरून टाकला असता."

लडकूला खोटं बोलायला एवढी जागा कधीच मिळाली नव्हती.

"हिरवं माजं नाय. आयेचं हाय."

पंत वळले. "आजी, नेमकं इथंच का थांबलात?"

"कागुद वाजला. वला व्हता तवर आवाज नाय. कोरड्याला खराटा लागला, तवा वाजला."

धाऊ हसला. पंतही हसले. लडकू सगळ्यात मोठ्याने हसला.

"मग दोघांची नावं घालू," पंत म्हणाले.

"माजं नको रं बाबा. मी काय क्येलंय? तुमाला आवडला का पन?"

"हाच नेतो."

तिने पुढे होऊन भिंतीवर हात फिरवला. दाबाने कागदावर उठलेली खुरांची वर्तुळं बोटांनी चाचपली आणि म्हणाली, "तांबडा बैल ह्यो. उजवा पाय वढतो त्यो."

"बघा पंत, माज्या आयेची नजर!" लडकू म्हणाला. त्याचा आवाज खळ्यापलीकडे ऐकू गेला. कागदाच्या कोपऱ्यात त्याने आधी तिचं नाव घातलं, मग आपलं.

कुणाला सांगितलं नव्हतं, पण धोंडीबाईला त्याआधीच्या होळीपासून दिसत नव्हतं.