शाहूपुरीतला बोगदा

मित्रांनो, मी एक जुना व्हीपीएन राउटर आहे. पुस्तकाएवढा डबा, पुढे हिरवे दिवे. २००५ साली मला शाहूपुरीतल्या काजूच्या पेढीत भिंतीवर बसवलं. माझा जोडीदार पेढीच्या आजऱ्यातल्या कारखान्यात बसला.

आमच्यामध्ये वेगळी तार नव्हती. पेढीचं इंटरनेट खालच्या सायबर कॅफेतून आलेलं, म्हणजे वाट सामाईक. तिथं उघडा मजकूर कुणीही मधेच वाचू शके. म्हणून आजऱ्याला जाणारे रोजचे भाव मी कुलूपबंद करून पाठवायचो. किल्ली फक्त आम्हा दोघांकडे. बघणाऱ्याला काहीतरी चाललंय एवढंच कळे. यालाच माणसं बोगदा म्हणतात.

पण कुलूप लावायला वेळ लागतो. दिवाळीच्या गर्दीत कॉम्प्युटरवर बसणारी विद्याश्री वैतागली.

"ह्या डब्याची चाल म्हंजे म्हशीची," म्हणत तिनं बोगदा बंद केला. काम झटपट झालं. पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

मग गिऱ्हाइकाला आमचा भाव कळायच्या आत समोरचा व्यापारी त्याहून कमी सांगू लागला. मालक राजशेखरअण्णांनी जुने दिवाणजी कृष्णातमामांना पुढं बोलावलं.

"मामा, भाव तुमच्याशिवाय कुणाला ठावं असत्यात?"

"तुमचं मीठ खाल्लंय अण्णा. आनि काय सांगू?"

"उद्यापासनं येऊ नका."

मामांनी टोपी घातली. जाताना रोजच्यासारखी भडंगाची पुडी विद्याश्रीच्या टेबलावर ठेवली. "खाऊन घे पोरी, मऊ पडतंय."

तिनं मान वर केली आणि तिला माझा बोगद्याचा दिवा विझलेला दिसला. मला वाचा नाही. तो दिवा हीच माझी साक्ष. तिनं पुडी बाजूला सारली.

"अण्णा, मामांचं काय न्हाय त्यात," ती उठून म्हणाली. "बोगदा मी बंद केलता. खाली कॅफेत बसून कुणीबी आपलं भाव वाचलं असत्याल."

अण्णांनी दाराकडे पाहिलं. "मग बघतीस काय? हाक मार की त्यांना."

ती अनवाणीच जिना उतरली.

मामा परत आले. भडंगही येत राहिलं. पण भाव ठरवायची वेळ झाली की मामा आपणहून उठून बाहेर गॅलरीत उभे राहत. विद्याश्री तेव्हा माझ्या दिव्याकडे बघत बसे. दिवा हिरवा असे, तरी तिचा चेहरा उतरलेलाच.

आता मी माळ्यावर धूळ खात आहे. मित्रांनो, जड वाटलं म्हणून कुलूप काढू नका. वाटेवरचा मजकूर मी झाकू शकतो. उंबऱ्याच्या आत एकदा शिरलेला संशय बाहेर काढणारा डबा मात्र अजून कुणी बनवलेला नाही.