मानेची डावी बाजू

मी रेझर बोलतोय. नाक मुरडू नका. माझं काम माणसाच्या गळ्याशी चालतं, तेव्हा माझं ऐकून घेतलेलं बरं.

कारखान्यात आटे पाडून, वर चकचकीत मुलामा चढवून मला घडवलं. काही दिवस दुकानाच्या काचेत मिरवलो आणि मग एका मोठ्या हॉटेलच्या दरवानाच्या हाती पडलो. गालावर खुंट दिसले की त्याचा मॅनेजर डोळे वटारायचा. त्यामुळे ताप असो की सुट्टी, आमची दाढी कधी चुकली नाही.

माणूस शिस्तीचा. आधी गरम पाण्याने चेहरा भिजवणार, फेस मुरू देणार, मग हलक्या हाताने मला फिरवणार. एरवी अगदी चिक्कू, पण पातं बोथट झालं की मात्र लगेच फेकायचा. त्याच्या मानेची एक गंमत होती. उजव्या बाजूचे केस खाली वाढायचे आणि डाव्या बाजूचे वर. म्हणून उजवीकडे तो मला वरून खाली न्यायचा आणि डावीकडे खालून वर. केसांच्या कलाने घ्यायचं आणि कातडी ताणायची नाही, एवढंच त्याचं शास्त्र होतं.

त्याची लहानगी लेक मागे स्टुलावर उभी राहून आरशात हे सगळं टक लावून बघायची. नाकाला फेस लावून घेतल्याशिवाय तिथून हलायची नाही.

लेक मोठी झाली, शिवणकामात तिचा हात बसला. आई गेली, धाकटा भाऊ नोकरीसाठी परगावी गेला. आणि एका सकाळी हॉटेलचं दार उघडता उघडता बाबा कोसळले. हो, लेकीचं ऐकून ऐकून मीही त्यांना बाबाच म्हणायला लागलो होतो. त्यांचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली.

लेकीनं शिवणयंत्र बाबांच्या खाटेशेजारी आणून ठेवलं. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं तीच करायची. दाढीही तीच करू लागली. बाबांचा गाल कधी खरखरीत दिसला नाही, आताही दिसणार नाही, असं शेजारणीला अभिमानाने सांगायची.

आणि तिथेच घात झाला. बिचारी दाढी शिकली होती ती आरशात बघून. आरशात डावीकडे दिसणारी बाजू समोर बसलं की उजवीकडे येते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दोन्हीकडे मी केसांच्या उलट जाऊ लागलो. त्यात गुळगुळीत व्हावी म्हणून ती कातडी ताणून, दाबून, एकाच जागी पुन्हा पुन्हा मला फिरवायची. असा खोल कापलेला केस वाढताना वर यायची वाट चुकतो, आतच वाकतो आणि कातडीत रुततो. बाबांच्या मानेवर लाल फोड उठले, पिकले. ती सुईने टोकरून केस काढायला जायची आणि फोड आणखी चिघळायचे.

मला पाहिलं की बाबा तोंड फिरवू लागले.

"त्यांना माझा हात नकोसा झालाय रे," ती फोनवर भावाला म्हणाली. "जेवताना बघतात माझ्याकडे. दाढीला बसले की भिंतीकडे बघतात."

मला सगळं कळत होतं. पण देवाने मला धार दिली, जीभ नाही दिली. तिच्या हातून मीच त्यांना बोचत होतो, याचं दुःख कुणाला सांगू?

एकदा तिला धीरच होईना, मधे बरेच दिवस गेले, खुंट चांगले वाढले. ती फेस करून बसली, तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं.

"नको असेल तर राहू दे, बाबा," ती रडवेली होऊन म्हणाली.

हात सुटेना. बाबांनी तिचं बोट आपल्या मानेच्या डाव्या बाजूला टेकवलं आणि खालून वर नेलं. मऊ. मग वरून खाली. खरखरीत. पुन्हा तसंच केलं. मग बोट उजवीकडे नेलं, तिथे सगळं उलटं. मखमल बेतताना लव कुठे झुकते ते आधी हाताने पाहणारी बाई ती. चटकन समजली.

"मी उलटं फिरवत होते," ती पुटपुटली. बाबांनी तिचा तळवा आपल्या गालावर दाबून धरला. ती ओक्साबोक्शी रडली.

घरी येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं की फोड बसेपर्यंत दाढी बंद, सुई बंद, कोमट फडक्याने शेका. लेकीनं नवीन पात्यांचं पाकीट आणून ठेवलं. फोड सुकत आले. रविवारी दाढी करायची असं तिनं बाबांना सांगितलंही होतं. शनिवारी दुपारी बाबा झोपेतच गेले.

भाऊ आला, माणसं जमली. बाबांना न्यायच्या आधी लेकीनं पाणी तापत ठेवलं.

"ताई, आता गरम पाणी कशाला?" भावाने हळूच विचारलं.

"गार पाण्याने केस ताठ राहतात. टोचेल त्यांना."

त्याने तापलेलं पाणी आणून दिलं. तिनं चेहरा भिजवला, फेस मुरू दिला, बोट फिरवून पाहिलं. उजवीकडे वरून खाली, डावीकडे खालून वर. इतक्या अलगद मी कधीच फिरलो नव्हतो. बाबांनी एकदाही तोंड फिरवलं नाही, आणि त्याचंच तिला रडू आवरेना.

आता मी तिच्या शिवणयंत्राच्या खणात बटणांबरोबर पडून असतो. माझ्यावर गंज चढतोय, त्याची तक्रार नाही. एकच सांगणं आहे. तुमच्या हातून दाढी करून घेणाऱ्या कुणी तोंड फिरवलं, तर मनाला लावून घेण्याआधी त्याची मान बघा. त्याला बोलता येत नसेल.